अकरा किलोमीटर, कुत्र्यांसकट

पहिल्या सकाळी फोनवरच्या नकाशाचं ऐकलं.
त्याची ठिपक्यांची वाट गोठ्यामागून निघाली
आणि चारशे मीटरवर मक्यात शिरून गडप झाली.
मीही शिरले. डोक्याहून उंच मका,
दंवानं जड झालेली पानं हातांवर ओरखडे काढणारी,
आणि पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर बंद करून
हे काय खसफसतंय ते ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी झाडांवरच्या पिवळ्या खुणा.
पट्टी म्हणजे चल, फुली म्हणजे इकडे नाही.
सोपंच की.
मग एक ओक असा भेटला
ज्याच्यावर दोन्ही होतं.

तिसऱ्या दिवशी डांबरी रस्ता, डी बत्तीस.
कडेला पाऊल टेकायला जागा नाही.
दुधाचा टँकर अंगावर वारा टाकून गेला
आणि मी चरात, खाजऱ्या पाल्यात, गुडघ्यापर्यंत.

सुट्टीवर आलोय ना आपण, नवरा म्हणाला,
पाव खा, झोप.
पाव होता. पाववाल्याची गाडी इथं मंगळवारी आणि शुक्रवारी येते,
बाकी दुकान नाही, शाळा नाही,
तांबड्या गाई आहेत, आणि त्या वळून बघतात.

घरमालकीण गिस्लेन अंडी द्यायला आली
ती माझ्या पायांकडेच बघत राहिली.
सव्वीस वर्षं तिनं इथं टपाल वाटलं,
आधी सायकलवर, मग पिवळ्या गाडीतून.
माझं फ्रेंच हॉटेलातल्या मेनूपुरतं.
तिनं पावाचा कागद उलटा केला
आणि बॉलपेननं आधी घरं काढली.
रस्ते नंतर, घराला घर जोडताना,
आपोआप झाले.

घरांना आकडे नाहीत, माणसं आहेत:
लाशोम. फूर्नो. विधवा बार्बिये. व्हेर्नाद, दोघे भाऊ.
काही घरांपुढे गोल, गोलाला कान: कुत्रा.
एका गोलाला दात.
शेवटी एक चौकोन, आत पाण्याचा थेंब.

चौथ्या सकाळी कागद मुठीत.
चढ तिनं दाखवलाच नव्हता.
सव्वीस वर्षं पायांनी पाठ केलेला चढ
कागदावर कशाला काढायचा?
मी मात्र तो चालत चढले, कुणी पाहत नव्हतं.

लाशोमकडे खिडक्या बंद,
टपालपेटीत जाहिरातींचा लगदा.
बार्बियेच्या छपरातून एक झाड वर आलेलं,
चांगलं दोन मजली.
व्हेर्नादकडे दारात खुर्ची, खुर्चीत एकच भाऊ.
मला बघून त्यानं हात पुढे केला,
जुन्या सवयीनं, तळवा वर.
मी माझे दोन्ही हात रिकामे करून दाखवले.
तो इतका हसला की मी थांबलेच.
दात काढलेला कुत्रा उठला नाही,
बसल्या जागेवरून भुंकला, कर्तव्य म्हणून.

थेंबाचा चौकोन म्हणजे दफनभूमी.
चौकातल्या कारंज्यावर ‘पिऊ नये’ अशी पाटी,
पण इथं फाटकाशी फुलांसाठी नळ,
साखळीला बांधलेलं झारं.
वाकून प्यायले. लोखंडाची चव.
मान वर केली तर समोर फूर्नो.
त्याच्या शेजारी लाशोम, नवरा-बायको,
पुढच्या रांगेत बार्बिये, आता विधवा नाही,
त्याच्याजवळ.
कागद उघडून ताडून पाहिला.
कागदावर सगळे आपापल्या घरी होते.

परतले तेव्हा गिस्लेन कोंबड्यांपाशी होती.
किती झालं, तिनं बोटांनी विचारलं.
मी घड्याळ दाखवलं: अकरा.
तिनं मान हलवली. बारा.
व्हेर्नादकडे आत जायचं असतं, कॉफीला,
हे तिनं हवेत कप धरून सांगितलं,
म्हणजे ते किलोमीटर मी चुकवलं होतं.

गुडघा गेल्यापासून ती त्या बाजूला फिरकलेली नाही.
आणि कुत्रा? तिनं ओठ मागे ओढून दात दाखवले.
शब्द कुठून आणू?
मी तिथंच अंगणात, घामेजलेली, फतकल मारली
आणि बसल्या बसल्या भुंकून दाखवलं.